एक इंच कमी

“एक इंच कमी आहे,” गार्गी म्हणाली.

डॉक्टर पेशंटच्या माणसाला बाहेर बोलावून ज्या आवाजात बोलतात, त्या आवाजात म्हणाली.

“कुठला?”

“सगळेच. म्हणजे तुझे.”

आम्ही दोघी तिच्या पुण्याच्या घरात, हॉलच्या फरशीवर गुडघे टेकून बसलो होतो. समोर गोधडी होती. म्हणजे व्हायची होती. चोवीस चौकोन मांडायचे होते, बुद्धिबळाच्या पटासारखे: एक गार्गीचा, एक माझा. तिच्या बारा चांदण्या आणि माझी बारा नऊघरं. नऊघर म्हणजे नऊ छोटे चौरस जोडून केलेला एक मोठा चौकोन, आणि चांदणी म्हणजे तेवढाच चौकोन, मधे चांदणीची नक्षी असलेला. गार्गी माझ्या वहिनीची धाकटी बहीण, म्हणजे बाळाची मावशी; हे घर वहिनीचं माहेर. मी आत्या. बाळ आतल्या खोलीत वहिनीजवळ झोपलेलं, अकरा दिवसांचं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बारसं होतं आणि ही गोधडी पाळण्यात अंथरायची होती.

“मी साडेनऊ मोजलेत,” मी म्हणाले. “एकेक चौकोन. दोनदा.”

“हो, पण हे साडेआठ आहेत.”

“असूच शकत नाहीत.”

गार्गीने तिची पारदर्शक पट्टी माझ्या नऊघरावर ठेवली. साडेआठ. दुसऱ्यावर ठेवली. साडेआठ. आठव्या नऊघरानंतर मी पट्टीवर संशय घेतला.

या पट्ट्यांबद्दल सांगायला हवं. गोधडीची कल्पना गार्गीची. दोन घरांच्या दोन तऱ्हेच्या चौकोनांची एक गोधडी. तिने गडहिंग्लजला मला कुरिअरने एक पट्टी पाठवली. चौरस, बारा इंची, ॲक्रिलिकची, जाड काचेसारखी. त्यावर साडेतीन इंचांचा चौरस आखलेला आणि कडेला पाव इंचावर ठिपक्यांची रेघ, शिवण कुठून जायची ते दाखवणारी. असल्याच दोन पट्ट्या तिच्याकडे. शिवाय चांदणीची टोकं कापायला एक त्रिकोणी, जिचे कोपरे आधीच छाटलेले. सोबत कापड कापायचं फिरतं पातं आलं होतं, हुबेहूब पिझ्झा कापतात तसलं. आमच्याकडे तोवर पिझ्झा आला नव्हता, पातं आधी आलं.

आम्ही शिंपी. अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, दुकान चाळीस वर्षांचं. अण्णांनी ती पट्टी उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिली.

“ह्यातनं पलीकडचं दिसतंय की,” ते म्हणाले.

“त्यासाठीच आहे अण्णा. खालचं कापड दिसावं म्हणून.”

“खालचं कापड कसलं हाय ते ठाऊक नसताना कापाय बसतंय व्हय कोण?”

एवढं बोलून ते कामाला लागले. पण मी चिकाटीने केलं. दुकानाच्या कोपऱ्यात कातरणांचं पोतं असतं, त्यातून निवडून निवडून. मुख्याध्यापकांच्या सफारीचा तुकडा, बँडवाल्यांच्या कोटाचा लाल, कन्याशाळेच्या गणवेशाचा निळा, तीन नवऱ्यामुलींच्या ब्लाउजचा जरीकाठ. निम्मं गाव होतं त्या बारा चौकोनांत. आणि गार्गीने काय केलं? तिच्याकडे चिंध्याच नव्हत्या. तिने नवं कोरं कापड विकत आणलं, घरी नेऊन त्याच्या चिंध्या केल्या आणि मग त्या चिंध्या जोडल्या. मला हे कळलं तेव्हा मी अर्धा तास नुसती बसून होते.

तर आता मी माझी पट्टी पिशवीतून काढली आणि गार्गीच्या पट्टीवर ठेवली. कडेला कड. तंतोतंत.

“बघ,” गार्गी म्हणाली. “पट्टी सारखीच आहे.”

“मग तुझ्या चांदण्या मोठ्या असतील.”

“त्या साडेनऊच आहेत, वृषाली.”

“पुण्याच्या हवेत कापड ताणत असेल.”

सोफ्यावर आई मटार सोलत बसली होती. तिने एकदा आमच्याकडे पाहिलं आणि पुढची शेंग घेतली. माझा दादा, श्रीधर, दारात उभा होता. बाप होऊन अकरा दिवस झालेला माणूस जसा कुठेही उभा राहतो तसा.

“अगं, होतं असं पहिल्यांदा,” गार्गी म्हणाली. हे ती चांगल्या मनाने म्हणाली, आणि तेच मला जास्त लागलं. “शिवताना मार्जिन जास्त घेतलं गेलं असेल. माझ्या सुरुवातीच्या ब्लॉकचं असंच झालं होतं.”

“मी शिंप्याची मुलगी आहे.”

“हो, पण हे वेगळं असतं ना. हे क्विल्टिंग आहे.”

गोधडीवर झोपूनच मी मोठी झाले होते.

“आपण असं करू,” ती पुढे म्हणाली. “माझ्याकडे आणखी आठ चांदण्या तयार आहेत. उरलेल्या चार मी सकाळपर्यंत करते. सगळ्या चांदण्याच लावू. तुझ्या नऊघरांची छान उशी करू.”

उशी.

दारातला दादा खाली बघायला लागला. कारण उशी म्हणजे काय, ते त्याला आणि मला दोघांनाही कळलं होतं.

दोन वर्षांपूर्वी दादाचं लग्न झालं. अण्णांनी त्याच्यासाठी सूट शिवला होता. गडद निळा. तीन महिने आधी कापड आणलं, चारदा अंगावर घालून पाहिला, काजं हाताने केली. लग्नाच्या सकाळी मांडवात कळलं की फोटोग्राफरने सगळ्यांसाठी एक रंग ठरवलाय आणि नवऱ्यामुलाची शेरवानी भाड्याने आलीय. मोतिया रंगाची. तिच्या बाह्या दादाच्या बोटांपर्यंत येत होत्या. दादाने दोन मिनिटं विचार केला आणि शेरवानी घातली. त्याला वाटलं, एका दिवसाचा तर प्रश्न आहे.

अण्णा पहिल्या रांगेत बसले. हँगरला लावलेला सूट प्लास्टिकसकट मांडीवर घेऊन. अक्षता पडल्या, जेवणं झाली, फोटो झाले. प्रत्येक फोटोत अण्णा आहेत आणि त्यांच्या मांडीवर सूट आहे. शिंप्याच्या पोरानं भाड्याचे कपडे घालून लग्न केलं, एवढं एकच वाक्य ते घरी आल्यावर बोलले, आणि त्यानंतर दादाशी काहीच नाही. दोन वर्षं. नात झाल्याचा फोन आला तेव्हा त्यांनी पेढे वाटले, दुकान धुऊन काढलं, पण बारशाला येतो म्हणाले नाहीत. “काम हाय,” म्हणाले. मी आणि आईच आलो.

त्यामुळे आमच्या घरचं शिवण दुसऱ्यांदा बाजूला काढायचं, आणि तेही माझ्या हातचं, ही गोष्ट होणार नव्हती.

“उशी होणार नाही,” मी म्हणाले.

“मग काय करायचं?”

“आधी कोणी काय केलंय ते शोधायचं. कोणीतरी माझे चौकोन कमी केलेत.”

“वृषाली, कोण कशाला कमी करेल?”

मला माहीत नव्हतं. पण त्या क्षणी मी त्या घरातल्या प्रत्येकावर संशय घेतला. एस.टी.त शेजारी बसलेल्या बाईवरही घेतला. माझं बोचकं तिच्या पायाशी होतं.

मी एक नऊघर उचललं आणि उलटं केलं. गार्गी म्हणत होती तसं मार्जिन बघायला. त्याला आमच्या धंद्यात माया म्हणतात, शिवणीच्या पलीकडे सोडलेलं कापड. पट्टीच्या हिशोबाने पाव इंच हवी होती. होती अर्धा इंच. आणि दोरा पांढरा होता.

मी लाल दोऱ्याने शिवलं होतं. माझ्याकडे लालच रीळ होतं. बँडवाल्यांच्या कोटातून उरलेलं.

मी कापड खिडकीशी धरलं. पाव इंचावर बारीक बारीक भोकांची रांग दिसत होती, माझ्या उसवलेल्या टाक्यांची. सरळ रांग होती, हे मी इथे नमूद करते. आणि तिच्या आत, अर्ध्या इंचावर, पांढऱ्या दोऱ्याची नवी शिवण. रेघ मारल्यासारखी. दोन्ही टोकांना तीन तीन उलटे टाके.

दादा कधी जवळ आला ते कळलं नाही. त्याने शिवणीवरून अंगठा फिरवला.

“ही अण्णांची शिवण आहे,” तो म्हणाला.

मग तो गॅलरीत गेला आणि तिथे वाळत घातलेल्या लंगोटांकडे तोंड करून बराच वेळ उभा राहिला.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. चौकोन पुरे झाल्यावर मी बोचकं बांधून दुकानाच्या फळीवर ठेवलं होतं. माझी तीन दिवस परीक्षा होती. त्या तीन दिवसांत अण्णांनी माझी बाराच्या बारा नऊघरं उसवली, पुन्हा शिवली, तसंच बोचकं बांधलं, आणि मी निघताना “नीट जा” म्हणाले!

“मग फोन कर की,” सोफ्यावरून आई म्हणाली. “दुकानातनं गेलेलं काम हाय. नियम हाय दुकानाचा.”

नियम खरा होता. दुकानात पाटीच लावलेली आहे: ‘फिटिंगची तक्रार असल्यास आम्ही स्वतः दुरुस्त करून देऊ. दुसरीकडे उसवल्यास जबाबदारी नाही.’ अण्णा हा नियम फार पाळतात. शेजारच्या जाधवांशी आमचा भिंतीवरून अकरा वर्षं अबोला आहे. पण त्यांच्या थोरल्याची पँट साखरपुड्याच्या दिवशी कमरेत आवळली, तेव्हा निरोप आल्याबरोबर अण्णा कात्री घेऊन त्यांच्या घरात गेले, पँट सैल केली, चहाला नको म्हणाले आणि परत आल्यावर अबोला पुढे चालू ठेवला.

मी फोन लावला. साडेसहा वाजले होते. मागे मशीनचा आवाज येत होता.

“अण्णा, तुम्ही माझे चौकोन उसवलेत?”

“पाव इंचावर लेकराचं कापड शिवत्यात व्हय?” अण्णा म्हणाले. “दोन धुण्यांत सुटलं असतं. बोट अडकलं असतं पोरीचं.”

“मग आता ते एक इंच कमी पडतायत!”

मशीन थांबलं.

“किती?”

“एक इंच.”

“बाराच्या बारा?”

“बाराच्या बारा. मी इथं सगळ्यांसमोर तोंडघशी पडलेय. मला शिवता येत नाही म्हणतायत. उशी करूया म्हणतायत!”

अण्णांनी गिऱ्हाइकाशी बोलताना काढतात तो आवाज काढला.

“गिऱ्हाईक काय म्हणतंय?”

“गिऱ्हाईक अकरा दिवसांचं आहे, अण्णा.”

“बरं. कुणाला हात लावू देऊ नगंस. दुसऱ्यानं उसवलं तर जबाबदारी न्हाई ऱ्हायची माझी.”

आणि फोन ठेवला. मला वाटलं, झालं. आता माझे चौकोन कमीच राहणार आणि कायद्याने त्यांना हातही लावता येणार नाही.

सकाळी सात वाजता बेल वाजली. दार दादाने उघडलं. बाहेर अण्णा उभे होते. गळ्यात टेप, हातात कापडी पिशवी. आदल्या संध्याकाळची सातची एस.टी. धरून, रात्रभर बसून आलेले.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दादाने वाकून नमस्कार केला. अण्णांनी त्याच्या डोक्याच्या वरच्या हवेला आशीर्वाद दिला आणि विचारलं, कोणाला ते स्पष्ट न करता,

“मशीन कुठं हाय?”

गार्गीचं मशीन तिच्या खोलीत होतं. पांढरंशुभ्र, कॉम्प्युटरचं, पाय मारायची सोय नसलेलं. अण्णा त्याच्यासमोर बसले आणि पाय शोधायला लागले.

“काका, हे बटणावर चालतं,” गार्गी म्हणाली. “यात एकशे वीस प्रकारचे टाके आहेत.”

“मला एक बास हाय, ताई. सरळ.”

सरळ टाका मशीनमध्ये सदतिसाव्या नंबरावर निघाला. तो लागल्यावर अण्णांनी पिशवीतून चार गड्ड्या काढल्या. गडद निळ्या कापडाच्या पट्ट्या. दीड इंची, इस्त्री केलेल्या, बारा बारांच्या गड्ड्या दोऱ्याने बांधलेल्या. एकूण अठ्ठेचाळीस. दोन गड्ड्या आखूड, दोन लांब. प्रत्येक नऊघराच्या चारी बाजूंना एकेक पट्टी जोडली, की चौकोन बरोबर एक इंच वाढायचा.

त्यांनी पहिलं नऊघर केलं. गार्गीने पट्टी ठेवून पाहिलं. साडेनऊ.

“काका, तुम्ही मोजलं कधी?” तिने विचारलं.

“मोजायचं काय त्यात?” अण्णा म्हणाले.

गार्गी जमिनीवर बसूनच राहिली. मी तिला पहिल्यांदाच अशी गप्प पाहत होते, आणि त्या सुखाचाही मला आनंद घेता येत नव्हता, कारण कोणीही, एकानेही, माझ्याकडे वळून म्हटलं नव्हतं की वृषाली, तुझं माप बरोबर होतं.

दहाच्या सुमारास दादा चहा घेऊन आला. कप ठेवला, पण गेला नाही. मशीनशेजारी पडलेली एक निळी पट्टी उचलली. बोटांत धरून चोळली.

“हे कापड…”

“सुटातलं उरल्यालं,” अण्णा म्हणाले. मशीन थांबवलं नाही.

दादा तसाच उभा.

“अण्णा, मी तेव्हा…”

“हात वर कर,” अण्णा म्हणाले.

“काय?”

“हात वर कर म्हन्लं.”

दादाने हात वर केले. अण्णांनी बसल्या बसल्या गळ्यातली टेप काढली, त्याच्या पोटाभोवती फिरवली आणि चष्म्यावरून आकडा पाहिला.

“चाळीस,” ते म्हणाले. “तवा छत्तीस हुतास.” टेप परत गळ्यात गेली. “सुटाला दोन इंच माया सोडलीया. बाकीचं दोन तू कमी कर.”

“करतो.”

“आनी दुकानात यावं लागंल. घरपोच मिळत न्हाई.”

“येतो,” दादा म्हणाला. मग तो पटकन बाहेर गेला, आणि बेसिनचा नळ बराच वेळ वाहत राहिला.

दुपारी तीनपर्यंत चोवीस चौकोन जोडून झाले. चांदणी, नऊघर, चांदणी, नऊघर. निळ्या चौकटींमुळे माझी नऊघरं भिंतीवर टांगलेल्या फोटोंसारखी दिसत होती. खाली आईचं जुनं मऊ पातळ लावलं, सगळ्यांनी मिळून कच्चा दोरा घातला, आणि संध्याकाळी बाळ त्यावर निजलं. मी कानात नाव सांगितलं, कुर्रर्र केलं, आणि रीतीप्रमाणे बायकांनी माझ्या पाठीत धपाटे घातले. गार्गीचा सगळ्यांत जोरात होता. आतून कोणीतरी पेढा आणून अण्णांच्या हातावर ठेवला. दादाने ठेवला.

सगळेजण फार खूश होते. मी सोडून.

या गोष्टीला सहा वर्षं झाली. भाची आता पहिलीत आहे. तिने गोधडीला ‘माझं गाव’ असं नाव ठेवलंय आणि तिच्या बाहुल्या मुख्याध्यापकांच्या सफारीवर झोपतात. दादा दर दोन महिन्यांनी गडहिंग्लजला येतो. सूट अजून त्याला होत नाही. अण्णा दर वेळी टेप लावतात, आकडा सांगतात आणि “पुढच्या खेपंला बघू” म्हणतात.

गेल्या दिवाळीत मी आणि आई दुकानातलं कपाट आवरत होतो. खालच्या खणात निळ्या कापडाचं उरलंसुरलं कातरण निघालं.

“सुटाचं का गं हे?” मी विचारलं.

“व्हय. त्या पट्ट्या कापून उरल्यालं.”

मी ते हातात घेतलं. आणि मग, सहा वर्षं उशिरा, हिशोब करायला बसले. मी साडेसहाला फोन केला होता. एस.टी. सातची. दुकान ते स्टँड वीस मिनिटं.

“आई, अण्णांनी या पट्ट्या कापल्या कधी?”

आईने घडी घालत असलेलं पातळ खाली ठेवलं नाही.

“तुझा शेवटचा पेपर हुता बघ. त्या दिवशी.”

“म्हणजे आपण पुण्याला निघायच्या आधी?”

“आदल्या दिवशी.”

“म्हणजे अण्णांना माहीत होतं कमी पडणार ते?”

“चाळीस वर्षांत त्यांचं माप कधी चुकलंय व्हय?” आई म्हणाली. “अबोला धरल्यावर पोराच्या सासरी कसं जायचं मानसानं? तक्रार आली की जाता येतंय.”

मी कातरण खाली ठेवलं.

“आणि हे तुला माहीत होतं?”

“मग! पट्ट्यांना इस्त्री कोन केली?”

मला ती फरशी आठवली. गार्गीचा डॉक्टरी आवाज आठवला. उशी आठवली. एस.टी.तली ती निष्पाप बाई आठवली. आणि सोफ्यावर बसून, शेंगेमागून शेंग सोलत, माझी फजिती बघणारी माझी सख्खी आई आठवली. मी उठले आणि तरातरा दुकानाच्या पुढच्या भागात गेले. अण्णा कुणाच्या तरी बाहीला काज करत होते.

“अण्णा,” मी म्हणाले, “माझं माप बरोबर होतं.”

कुठलं माप, कसलं माप, असं त्यांनी विचारलं नाही. सुईतला दोरा दातांनी तोडला.

“बरोबर हुतं की,” ते म्हणाले. “म्हनून तर उसवाय लागलं.”